लाल शाई आणि समास

निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण चूक दिसली की हात लाल पेनाकडे जातोच. या सवयीने मी घरचे एक नुकसान केले आहे, ते आज सांगतो.

वडील गेल्यावर त्यांची रोजकीर्दीची वही माझ्याकडे आली. मी तेव्हा नवा मास्तर. 'तें', 'घरांत', 'कां' असे अनुस्वार दिसले की खोडत गेलो. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, हे वर्गात शिकवत होतो ना! पण ती पाने त्याआधीची. वडिलांच्या काळी तेच शुद्ध होते. एका नोंदीत ज्यांच्याकडून उसने पैसे घेतले त्यांचे नाव होते. तेही मी गिरवून 'सुधारले'. खालचे अक्षर आज भिंगातूनही लागत नाही. ते देणे कोणाचे, फिटले की नाही, आता कोण सांगणार?

खरे तर आम्ही वाईकरांना हे कळायला हवे होते. इथल्या प्राज्ञपाठशाळेने काढलेल्या धर्मकोशात मूळ वचन वर आणि पाठभेद तळटीपेत, अशी शिस्त आहे. त्याही आधी शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढच्यांना बजावले, की यात आपली ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणे. जुन्या पोथ्यांत कोणी समासात टीप लिहायचा, पुढचा नकलकार ती मजकुरात ओढायचा. असेही प्रक्षेप झाले आहेत.

गेल्या दिवाळीत नातवाने ती वही स्कॅन करून दिली. संगणकावर पानाच्या कडेला पिवळी चिठ्ठी लावता येते. चिठ्ठी काढली की पान होते तसे. तरी मी एक प्रत अजिबात न उघडता वेगळी ठेवली आहे, टिपा दुसऱ्या प्रतीवर. प्रत्येक टिपेखाली माझे नाव आणि तारीख. मुलांच्या वह्या तपासताना सही करत होतो, तशीच.

कोणी म्हणेल, घरच्या वहीला एवढे सोपस्कार कशाला? माझे म्हणणे, घरच्याच वहीला हवेत. ग्रंथांच्या इतर प्रती कुठे तरी सापडतात. वडिलांच्या वहीची दुसरी प्रत नसते.

त्या नोंदीशेजारी पहिली चिठ्ठी लावली आहे: 'इथले नाव मी खोडले. चूक माझी.'