भुकेची बंदूक, युद्धाची बंदूक

विमान कोसळले, वैमानिक हवाई छत्रीने सुखरूप उतरला. पण उतरला तो निर्मनुष्य बर्फात. सुटकेची मदत येईपर्यंत त्याने खावे काय? या साध्या प्रश्नातून एका चमत्कारिक बंदुकीचा जन्म झाला. अमेरिकी हवाई दलाने १९४९ मध्ये सुटे भाग करून ठेवता येणारी ‘एम-४’ ही हलकी रायफल स्वीकारली. मागाहून आलेली ‘एम-६’ याहूनही विक्षिप्त होती. ती मध्यावर दुमडत असे. वरच्या नळीतून गोळी सुटे, खालच्या नळीतून छरे. नेहमीच्या चापाऐवजी तिला मुठीने दाबावयाची पट्टी होती. हातमोजे न काढता ससा टिपता यावा, हा हेतू!

या रायफलींसाठी दिलेल्या मऊ टोकाच्या काडतुसांच्या वेष्टनावर सक्त ताकीद छापलेली असे : ही केवळ अन्नासाठी शिकार करण्याकरिता आहेत, शत्रूच्या माणसांवर, बचावासाठीसुद्धा, वापरू नयेत. कारण अशा गोळ्या देहात शिरताच फुलतात आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने त्या युद्धात निषिद्ध ठरविल्या होत्या. कलकत्त्याजवळच्या ब्रिटिश कारखान्यावरून ‘डमडम’ हे नाव पडले ते याच जातीच्या गोळ्यांना. त्या जाहीरनाम्यात अमेरिका सामील नव्हती, तरीही तिने ही ताकीद छापली. शत्रूने घेरलेला वैमानिक वेष्टनावरील मजकूर वाचीत बसेल, ही कल्पना हास्यास्पद खरी. परंतु भूक आणि युद्ध यांच्यामध्ये रेघ ओढण्याची गरज कोणाला तरी वाटली होती, हे थोडे नव्हे.

ती रेघ आता पुसली गेली आहे. २०१८ पासून अमेरिकी लढाऊ विमानांतील आसनांखाली जी सुटी होणारी रायफल ठेवण्यात येऊ लागली, ती ‘एम-४’ याच नावाच्या दुसऱ्या, अस्सल लष्करी शस्त्राचे रूप आहे. सोबत एकशेवीस गोळ्या. सशाचा येथे संबंध नाही. बंदी झालेल्या जॉर्डनच्या वैमानिकाला ‘इस्लामिक स्टेट’ने जिवंत जाळल्याचे चित्रीकरण २०१५ मध्ये जगासमोर आले, त्यानंतर वैमानिकाला निःशस्त्र ठेवा, असे कोण म्हणेल? तरीही परमुलखात एकटा पडलेला माणूस एकशेवीस गोळ्यांनी किती वेळ लढणार? जुन्या बंदुकीची त्याच्याकडून अपेक्षा एवढीच होती, की त्याने लपावे, काहीतरी खावे आणि जिवंत राहावे.