आधी घरमालक, मग पाहुणा

सध्या माझी पोस्टिंग भिलाईत आहे. पोलाद कारखान्याचं शहर, मराठी कुटुंबंही बरीच. सुट्टी लागली की लोक गाड्या काढून बस्तरला निघतात. चित्रकोट, तीरथगड, कुटुमसरची गुहा. परतल्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आता शांतता आली, पर्यटन वाढलं की तिकडची ओस गावं आपोआप वसतील." मला हे पटत नाही. क्रम चुकतोय.

उदाहरण दिलं जातं धुडमारासचं. कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानातलं हे छोटं आदिवासी गाव. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने जगभरातली जी २० गावं पुढे आणण्यासाठी निवडली, त्यांत ते आहे. गावातली पोरं नदीत बांबूचा तराफा चालवतात, पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी राहतात. कौतुक करावं तेवढं थोडं. पण तिथे गाव नांदतं होतं, म्हणून पाहुण्याला यजमान मिळाला.

दक्षिण बस्तरची गोष्ट वेगळी. २००५ मध्ये सलवा जुडूम सुरू झालं आणि बिजापूर-दंतेवाड्याकडची शेकडो गावं रिकामी झाली. कुणी रस्त्याकडेच्या छावण्यांत आलं, हजारो जण तेव्हाच्या आंध्रात गेले. दोष कुणाचा, हा वाद आज नको. प्रश्न त्यांच्या परतण्याचा आहे. आज तेलंगणात ते अनुसूचित जमातीच्या यादीत नाहीत, त्यामुळे तिकडे वनहक्काचा पट्टा मिळणं कठीण. इकडे कायदा १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा कब्जा विचारतो. बेकायदा हुसकावलेल्यांसाठी कायद्यात तरतूद आहे, पण जीव घेऊन पळालेला माणूस कागद कुठून आणणार?

अशा जागी आधी रिसॉर्ट आलं, तर जमिनीवर हक्क सांगायला कुणी नसेल. वीस वर्षांनी परतलेल्या माणसाचा मुलगा स्वतःच्याच शिवारात गेटवर शिट्टी वाजवत उभा राहील. याला गाव वसणं म्हणत नाहीत.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास बघा. मुंबईने कोकणातली घरं रिकामी केली, कुलपं गंजली. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन कासवांची घरटी राखली. मग कासव महोत्सव आला. पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात, घरचं जेवण जेवतात, पैसा त्याच घरात राहतो. पण तिथेही हंगाम काही आठवड्यांचा. बाकीचं वर्ष शेती, बागायत आणि मनीऑर्डरच्या जागी आलेला मुलाचा ऑनलाइन पैसा यांवरच निघतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आधी पट्टा, हँडपंप, रेशन, शाळा, नर्सबाई. घरातून धूर निघू दे. मग ग्रामसभा ठरवील पाहुणे किती, कुठे, काय दराने. पर्यटन हे जोडधंदा म्हणून उत्तम, पाया म्हणून कच्चं.

आणि माजी सैनिक मित्रांनो, आपल्या गावांपुरतं बोलायचं तर आपल्याकडे पेन्शन आहे, म्हणजे हंगाम बुडाला तरी चूल पेटते. असा माणूस गावात आधी परतला, तर बाकीच्यांना धीर येतो. शहरात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेण्याआधी गावच्या घराची कौलं एकदा बघून या.