काढा प्यायलात? मग सिस्टरला सांगा

खोकल्यासाठी अडुळसा आपल्या वस्तीत घरोघरी चालतो. पानांचा रस मधातून, नाहीतर उकळून काढा. "झाडपाल्याचं औषध, त्यानं काय होतंय?" असं म्हणत गरोदर सुनेलाही तोच दिला जातो. माझा आक्षेप या वाक्याला आहे.

हातपाय आपण आपल्या मनानं हलवतो. आतडी, श्वासनळ्या आणि गर्भपिशवी यांचे स्नायू मात्र आपलं ऐकत नाहीत. ते अनैच्छिक स्नायू. दम्यात श्वासनळीचे स्नायू आवळतात. बाळंतपणाची कळ म्हणजे गर्भपिशवीच्या स्नायूंचं आवळणं.

एखाद्या वनस्पतीचा अर्क या स्नायूंवर काय करतो, हे तपासता येतं. प्राण्याच्या आतड्याचा किंवा गर्भपिशवीचा तुकडा क्षारांच्या कोमट पाण्यात, प्राणवायू देत टांगतात. त्यात अर्क टाकला की तुकडा आवळतो की सैल पडतो, याची नोंद होते. रुडॉल्फ मॅग्नस यांनी १९०४ मध्ये ही पद्धत मांडली. ओव्याच्या अर्कानं आवळलेलं आतडं सैल पडतं, हे अशाच प्रयोगांत दिसलं. पोटात मुरडा आल्यावर ओवा देणारी आजी अडाणी नव्हती.

पण अडुळशाचं बघा. त्याच्या पानांतले व्हॅसिसीन आणि व्हॅसिसिनोन मिळून श्वासनळी सैल करतात. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन हे औषध व्हॅसिसीनवरूनच तयार झालं. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेनं हेच व्हॅसिसीन तपासलं, तेव्हा ते गर्भपिशवी आवळतं असं दिसलं. पान एकच, एका जागी सैल करतं, दुसऱ्या जागी आवळतं. म्हणून गरोदरपणात अडुळसा नको.

काचेतला तुकडा म्हणजे बाई नव्हे, हेही खरं. त्या प्रयोगानं दिशा कळते. माणसाला किती मात्रा चालेल, हे पुढं वेगळं तपासावं लागतं. घरच्या काढ्यात औषधी द्रव्य किती उतरलं, ते कोण मोजणार? दवाखान्यात कळा वाढवायला ऑक्सिटोसिन देतात, तेही सलाईनमधून थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत. कळा अति झाल्या तर बाळ गुदमरतं, पिशवी फाटू शकते. घरून कळांसाठी काढा पिऊन आलेल्या बाईला वरून ऑक्सिटोसिन लागलं, तर धोका आणखी वाढतो.

आणि बाया हे सांगत नाहीत, कारण ओरडा बसेल याची भीती असते. माझ्या नर्स भगिनींना माझं सांगणं आहे: "काही घरगुती घेतलंय का?" हे प्रत्येकीला विचारा, पण हिणवून नको. आपल्या आयाबहिणींना सांगणं असं: कळा वाढवायला घरी काहीही देऊ नका. दिलंच असेल, तर काय, किती आणि कधी, ते दारातच सांगा. आजीच्या ज्ञानाचा मान ते तपासण्यात आहे, आणि तपासणी सुनेच्या पोटावर होता कामा नये.