खालिद जमील यांचे माप कोणत्या पट्टीने घेणार? भारतीय फुटबॉल महासंघास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारी समिती,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, नवी दिल्ली



जुलै २०२५ मध्ये भारताच्या पुरुष संघाच्या प्रशिक्षकपदासाठी महासंघाकडे १७० अर्ज आले. त्यांत झावी हर्नांडेझ यांच्या नावाचाही अर्ज असल्याची बातमी फुटली आणि ‘झावी यायला तयार होते, पण आपल्याला परवडले नाहीत’ अशी हळहळ देशभर व्यक्त झाली. झावी आणि पेप गार्डिओला यांच्या नावाने आलेले ईमेल खरे नव्हते, हे महासंघाने काही दिवसांतच जाहीर केले. अशी फसवणूक कोणाचीही होऊ शकते. खटकते ते वेगळेच. त्या गदारोळात झावींच्या नावाबद्दल भरभरून बोलले गेले, पण ते आले असते तर त्यांनी इथे नेमके काय केले असते, हा प्रश्न फारसा कोणाला पडला नाही. २०२२-२३ मध्ये बार्सिलोनाला ला लिगा जिंकून देणाऱ्या या प्रशिक्षकाच्या हाती रोज सरावाला येणारे अव्वल खेळाडू होते. तेव्हा क्रमवारीत १३३ व्या असलेल्या भारतीय संघाचे खेळाडू राष्ट्रीय प्रशिक्षकाला वर्षाकाठी मोजकेच दिवस मिळतात. पहिल्या कामातले यश दुसऱ्या कामाची हमी देत नाही.

१ ऑगस्टला महासंघाने अंतिम तिघांतून खालिद जमील यांची निवड केली आणि जवळपास तेरा वर्षांनी राष्ट्रीय संघाला पूर्णवेळ भारतीय प्रशिक्षक मिळाला. हे पत्र त्या निवडीला विरोध करण्यासाठी नाही आणि जमील यांची वकिली करण्यासाठीही नाही. प्रशिक्षकाचा लौकिक आणि त्याची कुवत यांतला फरक महासंघ कसा ओळखतो, हे देशातल्या फुटबॉलप्रेमींना कळले पाहिजे, एवढीच त्यामागची तळमळ आहे. कारण गेल्या काही वर्षांचा इतिहास पाहिला तर हा फरक ओळखण्याची कोणतीही रीत महासंघाकडे असल्याचे दिसत नाही.

इगोर स्टिमॅक यांचेच पाहा. १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचे ते बचावपटू, पुढे त्याच देशाचे प्रशिक्षक. मे २०१९ मध्ये ते भारतात आले आणि सप्टेंबरमध्ये दोहात आशियाई विजेत्या कतारला भारताने गोलशून्य बरोबरीत रोखले. प्रशिक्षकाचा जयजयकार झाला. त्या रात्री कतारने गोलवर फटक्यांचा भडिमार केला होता आणि तो परतवला होता गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू याने. सामना हा असा असतो: एका माणसाच्या हातांनी वाचतो आणि श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते.

२०२३ मध्ये स्टिमॅक यांच्या संघाने तिरंगी स्पर्धा, इंटरकॉन्टिनेंटल चषक आणि दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकली. भारत क्रमवारीत ९९ व्या स्थानी पोहोचला. या तिन्ही स्पर्धा इम्फाळ, भुवनेश्वर आणि बंगळुरूत, म्हणजे घरच्या मैदानांवर झाल्या होत्या. सॅफच्या उपांत्य फेरीत लेबनॉनविरुद्ध आणि अंतिम सामन्यात कुवेतविरुद्ध निकाल लागला तो पेनल्टी शूटआउटवर. विजय खरे होते, खेळाडूंनी घाम गाळून मिळवलेले होते. पण त्यांचे वजन करताना मैदान, प्रतिस्पर्धी आणि शूटआउट ही तीन मापे तराजूत टाकायला हवी होती. महासंघाने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्टिमॅक यांचा करार थेट २०२६ पर्यंत वाढवला. त्यानंतर तीनच महिन्यांनी आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया यांच्याविरुद्ध भारत तिन्ही सामने हरला आणि एकही गोल करू शकला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने भारताला २-१ असे हरवले. जूनमध्ये दोहात कतारविरुद्ध भारत आघाडीवर होता, पण चेंडू मैदानाबाहेर गेल्यानंतरही कतारचा बरोबरीचा गोल ग्राह्य धरला गेला आणि सामना १-२ असा हातून गेला. काही दिवसांतच स्टिमॅक यांना काढण्यात आले. करार मधेच तोडल्यामुळे भरपाईचा वाद उभा राहिला, तो वेगळाच.

आठ महिन्यांपूर्वी ज्यांच्याशी दीर्घ करार करावासा वाटला, ते अचानक नालायक ठरले का? की ऑक्टोबरमधली वाढही निकालांच्या लाटेवर झाली आणि जूनमधली हकालपट्टीही? दोहातल्या त्या पंचांना चेंडू बाहेर गेलेला दिसला असता, तर स्टिमॅक यांची कुवत काडीभरही वाढली नसती. त्यांची नोकरी मात्र कदाचित वाचली असती.

मनोलो मार्केझ यांची गोष्ट याहून बोलकी आहे. गोव्यातल्या फातोर्ड्यात मार्च २०२२ मध्ये केरळ ब्लास्टर्सला हरवून त्यांनी हैदराबाद एफसीला इंडियन सुपर लीगचे (आयएसएल) विजेतेपद मिळवून दिले होते. भारतीय खेळाडूंना घडवणारा प्रशिक्षक हा त्यांचा लौकिक कमावलेला होता. जुलै २०२४ मध्ये महासंघाने त्यांना राष्ट्रीय संघ दिला आणि मोसम संपेपर्यंत एफसी गोवाचे प्रशिक्षकपदही सांभाळण्याची मुभा दिली. त्या मोसमात एफसी गोवा साखळीत दुसरा आला आणि मे २०२५ मध्ये सुपर चषक जिंकला. त्याच माणसाच्या हाताखाली भारताने आठ सामन्यांपैकी एकच जिंकला, तोही शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध. निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला परत बोलवावे लागले. बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी झाली, हाँगकाँगकडून पराभव झाला आणि जुलैमध्ये मार्केझ गेले.

माणूस तोच, महिनेही तेच. एकीकडे चषक, दुसरीकडे हार. प्रशिक्षकाच्या नावावर जमा होणाऱ्या यशातला किती भाग त्याचा आणि किती भाग त्याच्या हाती दिलेल्या साधनांचा, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा महासंघाला कुठे मिळणार? गोव्यात मार्केझ यांना खेळाडू रोज मिळत होते, परदेशी आघाडीपटू मिळत होते आणि एखादी चाल महिनाभर घोटून घेता येत होती. राष्ट्रीय संघात यांतले काहीच नव्हते. त्यात एका माणसाला दोन संघ देण्याचा निर्णय महासंघाचाच. तरीही बाहेर चर्चा झाली ती ‘मार्केझ अपयशी’ एवढीच.

फुटबॉलच्या अर्थकारणाचा अभ्यास करणाऱ्यांना हे नवे नाही. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांनी ‘सॉकरनॉमिक्स’मध्ये इंग्लिश क्लबांचे दहा वर्षांचे आकडे तपासले, तेव्हा क्लबांच्या सरासरी क्रमांकांमधला जवळपास ९० टक्के फरक खेळाडूंच्या पगारावरच्या खर्चातून समजावता आला. उरलेल्या भागात नशीब, दुखापती आणि प्रशिक्षक. म्हणजे प्रशिक्षकाला काही किंमत नाही असे नव्हे. त्याची खरी किंमत कळायची तर क्लबाच्या खर्चाच्या मानाने संघ किती वर गेला किंवा किती खाली आला, हे पाहावे लागते. क्लॉडिओ रानिएरी यांना नोव्हेंबर २०१४ मध्ये ग्रीसने चार सामन्यांनंतर काढले, कारण संघ घरच्या मैदानावर फॅरो बेटांकडून हरला होता. मे २०१६ मध्ये हेच रानिएरी लेस्टर सिटीला इंग्लंडचे विजेतेपद मिळवून देत होते आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच लेस्टरने त्यांना नारळ दिला. तीन वर्षांत एकाच माणसाच्या नावावर अपयशी, चमत्कार करणारा आणि पुन्हा अपयशी असे तीन शिक्के बसले.

या पट्टीने खालिद जमील यांच्याकडे पाहिले पाहिजे. कुवेतमध्ये जन्मलेल्या जमील यांची कारकीर्द मुंबईत घडली. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडून ते खेळले. पुढे मुंबई एफसीचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी सात मोसम काढले. त्या संघाकडे पैसा बेताचा होता, मोठी नावे नव्हती. सुंदर खेळासाठी त्या संघाचे कौतुक कधी झाले नाही, पण दरवर्षी तो आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या अव्वल साखळीत, टिकला. २०१६ मध्ये जमील यांना जावे लागले. ते आयझॉल एफसीला गेले. हा क्लब आदल्या मोसमात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळेच त्याला परत घेतले होते. एप्रिल २०१७ मध्ये शिलाँगमधल्या शेवटच्या सामन्यात बरोबरी साधून, मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त मिळवून, आयझॉल भारताचा विजेता ठरला. ईशान्येकडच्या क्लबाने हा मान पहिल्यांदाच पटकावला. त्याच मोसमात जमील यांनी सोडलेला मुंबई एफसी तळाला गेला.

हे त्यांच्या कुवतीच्या बाजूचे सर्वांत भक्कम उदाहरण. पण चित्राला दुसरीही बाजू आहे. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही दिग्गज क्लबांत ते गेले, तिथे त्यांना आय-लीगचे विजेतेपद मिळाले नाही आणि ते फार काळ राहिले नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडची सूत्रे मोसमाच्या मध्यावर हाती घेऊन त्यांनी संघाला बाद फेरीत नेले. आयएसएलमध्ये असे करणारे ते पहिले भारतीय. पुढच्या मोसमात पूर्णवेळ प्रशिक्षक झाल्यावर तोच क्लब अकरा संघांत दहावा आला. जमशेदपूरला त्यांनी २०२४-२५ मध्ये उपांत्य फेरीत आणि सुपर चषकाच्या अंतिम सामन्यात नेले, आणि महासंघाने सलग दोन वर्षे त्यांना सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार दिला.

या सगळ्याचा नीट अर्थ लावला तर एक रेखाचित्र उभे राहते. कमी साधनांच्या संघाला शिस्त लावणारा, बचाव घट्ट बांधणारा, मिळालेल्या खेळाडूंतून गुण काढणारा प्रशिक्षक. चेंडू ताब्यात ठेवून घरच्या मैदानावर सामना जिंकायचाच आहे, अशा वेळी त्यांच्या संघांचा खेळ कमी पडतो का, हा त्यांच्याबद्दलचा खरा आणि उघडा प्रश्न आहे. राष्ट्रीय संघाच्या पहिल्या काही महिन्यांत नेमके हेच दोन रंग दिसले. मोहन बागानच्या खेळाडूंविना, जेमतेम पंधरवड्याच्या सरावावर, मध्य आशियाई देशांच्या काफा स्पर्धेत भारताने ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर २-१ असे हरवले आणि ओमानला शूटआउटमध्ये नमवून तिसरे स्थान मिळवले. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरला जाऊन, संदेश झिंगनला रेड कार्ड मिळाल्यावर दहा जणांनी १-१ अशी बरोबरी साधली. पण पाच दिवसांनी फातोर्ड्यात, जिंकणे भाग असताना, छांगटेच्या गोलने घेतलेली आघाडी गमावून संघ त्याच सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशाने २२ वर्षांनंतर भारताला हरवले.

या पराभवांतला किती भाग जमील यांच्या मर्यादेचा? आणि किती भाग पात्रता फेरीचे दोन सामने उरकल्यावर संघ हाती येण्याचा, देशातल्या प्रमुख साखळीचे भवितव्यच अधांतरी असल्याने सामन्यांअभावी गंजलेल्या खेळाडूंचा, गोल करणाऱ्या भारतीय आघाडीपटूंच्या टंचाईचा? याचे उत्तर महासंघाला द्यावे लागेल, कारण सरावाचे दिवस, खेळाडूंची उपलब्धता आणि प्रतिस्पर्ध्यांचे विश्लेषण ही सगळी माहिती महासंघाकडेच आहे.

सय्यद अब्दुल रहीम यांचे उदाहरण महासंघाच्या स्वतःच्या दप्तरात आहे. हैदराबादच्या या शिक्षकाने हैदराबाद सिटी पोलीस संघाला मुंबईच्या कूपरेजवर १९५० ते १९५४ सलग पाच वेळा रोव्हर्स चषक जिंकून दिला. १९५१ च्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने सुवर्ण मिळवले. दुसऱ्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आजच्या रीतीने पाहिले तर त्या संध्याकाळीच त्यांची गच्छंती झाली असती. पण रहीम यांच्यावरचा विश्वास संपला नाही. १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक केली. १९६२ मध्ये जकार्तातल्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून भारताने पुन्हा सुवर्ण जिंकले. त्या संघात गोव्याच्या मातीतला फॉर्च्युनाटो फ्रँको होता, आणि डोक्याला टाके पडलेला बचावपटू जर्नेल सिंग याला आघाडीवर खेळवण्याचे धाडस रहीम यांचे होते. जर्नेलने अंतिम सामन्यात गोल केला. प्रत्येक प्रशिक्षक रहीम नसतो. पण हेलसिंकीनंतर रहीम यांना दूर केले गेले असते, तर ते कोण होते हे देशाला कधीच कळले नसते.

म्हणून महासंघाकडे चार मागण्या आहेत. प्रशिक्षक नेमण्याआधी निवडीचे निकष जाहीर करावेत आणि त्यांत उमेदवाराने आपल्या साधनांच्या मानाने काय कमावले, याला ठळक स्थान द्यावे. कराराची मुदत वाढवताना किंवा करार तोडताना तांत्रिक समितीचा लेखी अहवाल प्रसिद्ध व्हावा: सरावाचे दिवस किती मिळाले, कोणते खेळाडू क्लबांनी सोडले नाहीत, सामने घरचे किती आणि बाहेरचे किती, संधी किती निर्माण झाल्या आणि प्रतिस्पर्ध्यांना किती दिल्या गेल्या. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला पुन्हा कधीही दुसरा संघ सांभाळू देऊ नये. आणि आय-लीग व तिच्या आधीची राष्ट्रीय लीग मिळून पाच विजेतेपदे मिळवलेल्या डेम्पोच्या आर्मांदो कुलासो यांना २०११ मध्ये जशी काही महिन्यांची तात्पुरती जबाबदारी देऊन मोकळे केले गेले, तसे कोणत्याही भारतीय प्रशिक्षकाचे होऊ नये.

जमील यांना ठेवायचे की बदलायचे, हा अधिकार आपला आहे. पण तो निर्णय घेण्यापूर्वी त्यांच्या कारकिर्दीचा असा पहिला अहवाल महासंघाने लोकांसमोर मांडावा. त्यात ते कमी पडलेले दिसले, तर त्यांना बदलण्याला या पत्राचा आक्षेप नसेल. महासंघ कमी पडलेला दिसला, तर तेही त्याच कागदावर, तितक्याच स्पष्ट शब्दांत छापले जावे.

आपला विश्वासू,
भारतीय फुटबॉलचा एक चाहता