परीक्षा खेळाडूची कीं टेबलाची?

‘सर्वांत श्रेष्ठ खेळाडू कोण?’ हा प्रश्न, ज्या घरांत चार तरुण मुलें आहेत तेथें, जेवणाच्या पंक्तीला एकदां तरी निघतोच. क्रिकेटविषयींचे असले वाद वाचकांच्या परिचयाचे आहेत. आज आम्ही त्याच प्रश्नाचा विचार पूल या आपल्याकडे कमी परिचित असलेल्या खेळाच्या आधारें करणार आहों.

पूलच्या टेबलाला कॅरमच्या पटाप्रमाणें चार कोपऱ्यांस चार, आणि लांब बाजूंच्या मध्यावर आणखी दोन, अशीं सहा पॉकेटें असतात. ‘क्यू’ नांवाच्या लांब काठीनें पांढरा चेंडू मारावयाचा व त्याच्या धक्क्यानें रंगीत चेंडू पॉकेटांत घालावयाचे. टेबलाचा तळ पाटीच्या दगडाचा. त्यावर घट्ट ताणलेलें लोंकरी कापड. भोंवतीं रबराच्या कडा. नऊ फुटी टेबलाची खेळण्याची जागा १०० इंच लांब व ५० इंच रुंद असते.

आतां थोडें गणित. चेंडूचा व्यास सव्वादोन इंच. कोपऱ्याचें पॉकेट साडेचार इंच रुंद असेल, तर चेंडूस सव्वादोन इंच मोकळीक राहते. अलीकडे कांहीं मोठ्या स्पर्धांत हीं पॉकेटें चार इंचांपर्यंत अरुंद केलेलीं असतात. म्हणजे मोकळीक पावणेदोन इंचांवर येते. अर्धाच इंच कमी झाला असें दिसतें, परंतु चुकीला असलेली जागा पांचव्या हिश्शाहून अधिक घटली. कापडाचेंही तसेंच. नव्या, गुळगुळीत कापडावर चेंडू दूर धांवतो; दमट हवेंत तोच मंदावतो. पावसाळ्यांत कॅरमचा पट जड चालतो, हें ज्यांनीं अनुभवलें आहे त्यांस अधिक सांगणें नको. क्यूही बदलली. पांढऱ्या चेंडूस मध्याच्या बाजूला मारलें कीं तो नेमापासून किंचित् ढळतो. क्यूचें टोंक हलकें केल्यास हें ढळणें कमी होतें. १९९० नंतरच्या दशकांत तशा क्यू निघाल्या, आणि आतां कार्बनच्या तंतूंच्याही आल्या आहेत.

हें ध्यानांत ठेवून एक प्रसिद्ध तुलना पाहूं. ‘स्ट्रेट पूल’ या प्रकारांत न चुकतां एकामागून एक किती चेंडू घातले, हें मोजतात. अमेरिकेच्या विली मॉस्कोनी यानें १९५४ सालीं ओहायओ राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें ५२६ चेंडू घातले. २०१९ मध्यें जॉन श्मिट यानें ६२६, तर २०२२ मध्यें स्कॉटलंडच्या जेसन शॉ यानें ७१४ घातले. आंकडेच पाहणारा म्हणेल, मॉस्कोनी तिसरा. परंतु मॉस्कोनीचें टेबल आठ फुटी, म्हणजे अंतरें लहान. मागील दोघांचीं नऊ फुटी. उलट मॉस्कोनीचा पराक्रम प्रेक्षकांसमोर, एका सामन्याच्या ओघांत घडला; श्मिटनें विक्रमासाठींच म्हणून कित्येक महिने प्रयत्न केले होते. शिवाय चेंडू, कापड व क्यू निराळीं. हे तीन आंकडे एका तराजूंत घालण्याजोगे नाहींतच.

मग तुलना करावयाचीच नाहीं काय? करावी, पण टेबल एक असावें. १९९६ सालीं हाँगकाँग येथें फिलिपीन्सचा एफ्रेन रेयेस व अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड यांचा, जो प्रथम १२० डाव जिंकेल त्याला एक लक्ष डॉलर, असा सामना झाला. रेयेस १२० विरुद्ध ११७ असा जिंकला. दोघांसही टेबल तेंच. २३७ डावांनंतर अंतर अवघें तीन डावांचें! हाच रेयेस लहानपणीं मनिला येथें आपल्या नातलगाच्या पूलघरांत वाढला. रात्रीं टेबलावरच निजत असे. १९९९ मध्यें कार्डिफ येथें तो जगज्जेता झाला. साधनें श्रेष्ठत्व देत नाहींत, हें यावरून दिसतें; परंतु श्रेष्ठत्व मोजतांना साधनें विसरूं नयेत, हेंही तितकेंच खरें.

हा विवेक केवळ खेळापुरता नाहीं. निकालाच्या दिवशीं एकत्र कुटुंबांत चुलतभावांचे गुण एका ओळींत मांडले जातात. एकाला स्वतंत्र खोली व शिकवणी. दुसरा धाकट्या भावंडांना सांभाळून माजघरांत बसून अभ्यास केलेला. ‘त्याला ऐंशी, तुला पासष्टच?’ हा प्रश्न सहज विचारला जातो. पण पासष्टवाला पोर त्यानंतर पुष्कळ दिवस मान वर करीत नाहीं, हें आम्ही चाळीस वर्षें वर्गांत पाहिलें आहे. त्याचे पासष्ट ऐंशींहून मोठे, असें म्हणण्याचें कारण नाहीं. तेंही अंदाधुंदच होईल. गुण वाचण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं त्याचें टेबल केवढें होतें व त्याचीं पॉकेटें किती अरुंद होतीं, एवढें पाहावें. मग जें बोलावयाचें तें खुशाल बोलावें.