विजेच्या मोटारीचा मासिक जमाखर्च

पेढीवर बसणाऱ्या माणसाला पोत्याचा भाव विचारला तर तो हमाली, तोलाई, भाडे, अडत आणि व्याज धरून पडतळ सांगतो. त्याच माणसाला दारातील मोटार महिन्याला कितीला पडते असे विचारले, तर बहुधा पेट्रोलचा आकडा ऐकू येतो. मोटार ही घरची वस्तू, आणि घरच्या वस्तूचा रोजमेळ ठेवण्याची रीत नाही. विजेच्या मोटारींच्या दुकानात मात्र हीच सवय महागात पडण्याचा संभव आहे. कारण तेथे विक्रेता पहिला आकडा सांगतो तो इंधनाच्या बचतीचाच.

सांगलीतील एका हळद व्यापाऱ्याच्या घरी गेल्या उन्हाळ्यात हा प्रश्न उभा राहिला. जुनी पेट्रोल मोटार दहा वर्षांची झाली होती. पेढी सांभाळू लागलेल्या मुलाने शोरूममधून कागद आणला. त्यावर विजेच्या मोटारीने महिन्याला जवळजवळ ७,००० रुपये वाचतात असे लिहिले होते. "अण्णा, हप्त्याचा चौथा हिस्सा तर पेट्रोलच भरून देतं," तो म्हणाला. अण्णांनी कागद वाचला, घडी करून गल्ल्याखाली ठेवला आणि एवढेच म्हणाले, "हे वाचतं ते लिहिलंय बाळा, जातं ते कुठं लिहिलंय?"

जाते ते लिहून काढण्याचे काम दोघांनी दोन रविवारी केले. तुलनेसाठी त्याच आकाराची पेट्रोल मोटार धरली. दोन्ही मोटारी आठ वर्षे ठेवायच्या, महिन्याला १,५०० किलोमीटर चालवायच्या. यातील काही आकडे त्यांनी स्वतः धरलेले आहेत. ज्याच्या त्याच्या घरी ते बदलतील. पद्धत मात्र बदलणार नाही.

प्रथम किंमत. विजेची मोटार शोरूम भावाने १५,५०,००० रुपये. नोंदणी, घरचा चार्जर, वायरिंग आणि किरकोळ मिळून आणखी ५०,०००. एकूण १६ लाख. विजेच्या मोटारीवर जीएसटी ५ टक्के आहे आणि तो शोरूम भावात आलेला असतो. महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणानुसार तिला मोटार वाहन करातून सूट आहे. पेट्रोल मोटारीचा शोरूम भाव ११,५०,०००; त्यावर १२ टक्क्यांनी राज्याचा कर १,३८,०००; किरकोळ १२,०००; एकूण १३ लाख. (मोटार कंपनीच्या नावावर घेतली तर पेट्रोल गाडीवरील हा कर २० टक्के होतो, हे प्रायव्हेट लिमिटेड पेढ्यांनी विसरू नये.) पूर्वी हे अंतर कमी असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारींवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला, आणि त्यापूर्वी केलेली तुलनापत्रके तेव्हापासून निरुपयोगी झाली. शोरूममधून आलेल्या कागदावरील तारीख पाहावी, ती यासाठी.

आता घसारा, म्हणजे विकतेवेळी हाती न येणारा पैसा. सर्वांत मोठा खर्च हाच, आणि याची पावती कोणी देत नाही. पेट्रोल मोटार आठ वर्षांनी एक तृतीयांश किमतीला, सुमारे ४,३५,००० रुपयांना जाईल असे अण्णांनी धरले. घट ८,६५,०००, म्हणजे दरमहा सुमारे ९,०००. विजेच्या मोटारीला त्यांनी चौथाच हिस्सा दिला, ४ लाख. घट १२ लाख. ९६ महिन्यांत दरमहा १२,५००. मुलाला हे कठोर वाटले. परंतु जुन्या विजेच्या मोटारींचा बाजार अजून कोवळा आहे आणि नवी मॉडेल्स अधिक पल्ल्याची निघत आहेत. ज्या मालाचा भाव ठाऊक नाही तो साठ्यात कमीच धरावा, हा पेढीचा जुना नियम येथेही चालतो.

त्यानंतर व्याज. रोखीने मोटार घेणारे व्याज धरत नाहीत. पण तो पैसा पेढीत असता तर काही तरी मिळवत राहिला असता. विजेच्या मोटारीत सरासरी १० लाख अडकतात (१६ आणि ४ यांची मध्यस्थ रक्कम). ९ टक्क्यांनी दरमहा ७,५००. पेट्रोल मोटारीत सुमारे ८,६७,०००; दरमहा ६,५००.

विजेचा हिशेब सोपा वाटतो, पण चूक बहुधा येथेच होते. कंपनीचा प्रमाणित पल्ला चाचणीतील असतो. घाट, वातानुकूलन आणि भरलेली गाडी त्यात येत नाही. शिवाय भिंतीतून घेतलेली सगळी वीज बॅटरीत पोहोचत नाही, काही उष्णता होऊन जाते. अण्णांनी १०० किलोमीटरला भिंतीकडून १६ युनिट धरले, म्हणजे महिन्याला २४० युनिट. त्यांपैकी २०४ घरी, ३६ महामार्गावरील जलद चार्जरवर.

घरच्या युनिटचा भाव काय धरावा? मुलाने मागचे वीजबिल घेऊन एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागले. तेथे सूनबाईंनी अडवले. घरगुती दर टप्प्यांचा आहे: १०० पर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा. घराचा वापर आधीच २५० युनिट असेल, तर मोटारीचे पहिले ५० युनिट दुसऱ्या टप्प्यात आणि उरलेले १५४ तिसऱ्या, महाग टप्प्यात जातात. पहिल्या टप्प्याचा स्वस्तपणा मोटारीच्या वाट्याला येतच नाही, तो फ्रीज आणि पंख्यांनी आधीच घेतलेला असतो. वर १६ टक्के वीजशुल्क. सरासरी भाव येथे फसवा. वरच्या टोकाचा भाव खरा. तो १४ रुपये धरून घरची वीज २,८५६ रुपये झाली. जलद चार्जरवर, १८ टक्के जीएसटीसह, २४ रुपये धरून ८६४. एकूण ३,७२०. चार्जिंगसाठी वीज नियामक आयोगाने स्वतंत्र दरवर्ग ठेवला आहे. आपल्या जोडणीवर त्यासाठी वेगळे मीटर मिळेल का, हे मोटार नोंदवण्यापूर्वी महावितरणच्या कार्यालयात विचारावे. छतावर सौर संच असेल तर चित्र आणखी बदलते. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटपर्यंतच्या संचाला कमाल ७८,००० रुपये अनुदान मिळते. मात्र सौर वीज फुकट समजू नये. संचाचा पैसा तिच्या भावात आहेच.

पेट्रोल मोटार लिटरला १५ किलोमीटर देते असे धरले. १०० लिटर, १०५ रुपयांनी १०,५००. म्हणजे शोरूमचा कागद खोटा नव्हता. इंधनात ६,७८० रुपये खरोखरच वाचत होते.

उरलेल्या बाबी लहान. विमा आठ वर्षांच्या सरासरीने विजेच्या मोटारीला ३,०००, पेट्रोलच्या मोटारीला २,५००; तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात विजेच्या मोटारीला १५ टक्के सवलत आहे, पण गाडीची किंमतच अधिक असल्याने एकूण हप्ता चढाच राहतो. सर्व्हिसिंग ७०० विरुद्ध १,५००. इंजिन ऑइल, प्लग, क्लच यांची कटकट विजेच्या मोटारीत नाही. टायर मात्र १,५०० विरुद्ध १,०००, कारण बॅटरीमुळे गाडी जड असते आणि टायर लवकर झिजतात.

बेरीज झाली: विजेची मोटार दरमहा २८,९२० रुपये, पेट्रोलची ३१,०००. ज्या कागदावर सात हजारांची बचत होती, तेथे पडतळ २,०८० वर आली. आणि पुनर्विक्रीची किंमत आणखी २ लाखांनी घसरली, तर एवढ्याच रकमेने घसारा वाढून दोन्ही मोटारी सारख्याच पडतात.

मुलगा खट्टू झाला, पण अण्णांचा मुद्दा वेगळा होता. मोटार उभी असतानाही जो खर्च चालूच असतो, म्हणजे घसारा, व्याज, विमा आणि सर्व्हिसिंग, तो विजेच्या मोटारीत २३,७०० आणि पेट्रोलच्या १९,५००. हा ४,२०० चा बोजा विजेची मोटार किलोमीटरमागे सुमारे ४ रुपये १९ पैसे वाचवून फेडते. म्हणजे महिन्याला सुमारे १,००० किलोमीटरपर्यंत ती महाग, त्यापुढे स्वस्त. ७५० किलोमीटर चालणाऱ्याला ती पेट्रोलपेक्षा १,०६० रुपयांनी महाग पडते. ज्यांच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये चार्जर बसत नाही आणि सगळी वीज बाहेरून घ्यावी लागते, त्यांना १,५०० किलोमीटर चालवूनही फायदा उरत नाही. गावातल्या गावात पेढी ते घर एवढीच फेरी करणाऱ्यांनी हा हिशेब विशेष करावा.

बॅटरीचे भय घरातील थोरल्या आईंनी काढले. "ती बॅटरी बसली म्हणजे मोटार मोडीतच ना रे?" अनेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. आठ वर्षांत या घराचे १,४४,००० किलोमीटर होतील. म्हणजे ठेवण्याचा काळ हमीत बसतो. हमीची अटही पाहावी: क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळते, आणि मोटार विकल्यास दुसऱ्या मालकाकडे ती हमी जाते का. या दुसऱ्या प्रश्नावर आठ वर्षांनंतरची किंमत ठरेल. थोरल्या आईंचे दर पौर्णिमेचे कुंभोज-बाहुबली एका चार्जमध्ये जाऊन येऊन होते. श्रवणबेळगोळसारख्या लांबच्या यात्रेत मात्र वाटेतील चार्जिंगचे थांबे आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन यांची वेळ आधी जुळवून घ्यावी लागेल. चार्जरवर रांग असली तर जेवण टळते, आणि हे कोणत्याही माहितीपत्रकात नसते.

कराची बाजू व्यापारी घरांसाठी महत्त्वाची आहे. मोटारीवर भरलेल्या जीएसटीची वजावट सर्वसाधारण व्यापाऱ्याला मिळत नाही, मग ती विजेची असो वा पेट्रोलची. घसाऱ्यात मात्र फरक आहे. १९६२ च्या आयकर नियमांच्या तक्त्यात साध्या मोटारीला १५ टक्के, तर विजेवर चालणाऱ्या वाहनाला ४० टक्के दर आहे. भागीदारी पेढीने १६ लाखांची विजेची मोटार घेतली आणि ती वर्षात १८० दिवस वा अधिक वापरली, तर पहिल्या वर्षी ६,४०,००० रुपये घसारा. ३० टक्के दराने कर १,९२,००० ने कमी. पेट्रोलच्या १३ लाखांवर हाच आकडा ५८,५०० येतो. घरगुती वापराचा हिस्सा यातून वगळला जातो. पहिल्या वर्षांत अधिक मिळालेले पुढे कमी मिळते, म्हणून हे मुख्यतः काळाचे अंतर आहे, पण व्यापारात काळालाही किंमत असतेच. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत विवरण भरणाऱ्यांना वेगळा घसारा नाही. २०२५ चा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने नवा तक्ता करसल्लागाराकडून पाहून घ्यावा. कर्जाच्या व्याजावरील दीड लाखांची वजावट काही विक्रेते अजूनही सांगतात. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती.

एवढे झाल्यावर अण्णांनी शेवटचा कागद घेतला, तो रोकडीचा. पडतळ २८,९२० असली तरी हातातून जाणारा पैसा निराळा. ४ लाख आधी भरून १२ लाखांचे कर्ज, ९ टक्के, पाच वर्षे: हप्ता २४,९१०. त्यात वीज, विमा, सर्व्हिसिंग आणि टायर मिळवले की दरमहा ३३,८३०. फेब्रुवारी ते मे हा हळदीच्या आवकेचा काळ. पेढीचे कॅश क्रेडिट तेव्हा काठोकाठ असते. दसऱ्याला भरलेले ४ लाख त्या वेळी परत मागता येत नाहीत, आणि मर्यादा संपली की चांगला माल डोळ्यांदेखत शेजारच्या गोदामात जातो. गेल्या हंगामात तसे एकदा झालेही होते, आणि मुलाला ते आठवत होते.

"मग नकोच का, अण्णा?"

"नको कोण म्हणतंय? आधी गाडी किती धावते ते तर कळू दे."

सूनबाईंनी जूनपासून जुन्या मोटारीचे मीटर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वहीत उतरवले. जून १,३२०. जुलैत पाऊस आणि बाजार मंद, ९८०. ऑगस्ट १,४१०. सरासरी सुमारे १,२३७. म्हणजे विजेच्या मोटारीने महिन्याला हजाराच्या आसपास वाचतील, सात हजार नव्हे. अण्णांना हजार पुरेसे वाटले. दसऱ्याची नोंदणी मात्र त्यांनी रद्द करायला लावली. हंगामातला माल विकून पैसा मोकळा झाल्यावर, पुढच्या पावसाळ्यात, ४ ऐवजी ८ लाख आधी भरून मोटार घ्यायची असे ठरले. तोवर मुलाकडे एकच काम आले: वेगळ्या मीटरची चौकशी. तो दुसऱ्याच दिवशी महावितरणच्या कार्यालयात जाऊन अर्जाचा नमुना घेऊन आला.