पहिला डाव पैशांनी जिंकू नका

मंडणगडच्या एसटी स्टँडवर ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ उघडून स्वतःला सेनापती समजणाऱ्यांनो, ती रणनीती कमी, वाट पाहणं जास्त. बांधकामाला दिवसच्या दिवस लागतात. घाई असेल तर जेम्स विकत घ्या! खऱ्या रिअल-टाइम स्ट्रॅटेजीत वेळ विकत मिळत नाही. म्हणून पहिला गेम ‘झिरो ए.डी.’ घ्या. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, त्यात मौर्यही आहेत. लॅपटॉप लागतो, खरंय; मित्राचा मागा. सोप्या पातळीवर हरा, रिप्ले बघा, चूक शोधा.

आंग्र्यांना नमवायला पेशव्यांनी इंग्रजांचं बळ घेतलं. १७५६ मध्ये आपलं बाणकोट इंग्रजांना देऊन बसले. उसन्या बळाची किंमत त्या किल्ल्याला विचारा.